विटेच्या पोटातले पाणी

शंकेखोर : कच्ची वीट गरम हवेत किती तासांत वाळेल, कुठे तडकेल, हे सगळे संगणकावर आधी मांडता येते असे तुम्ही म्हणता. येत असेल. पण ते हवे आहे कोणाला? आमच्याकडे दिवाळी झाली की वीटभट्ट्या सुरू होतात आणि मृगाच्या आत शेवटची भट्टी लागते. मधले सहा-सात महिने वाळवण्याचे काम ऊन-वारा करतो, एक पैसा न घेता. पहाटे अंधारात थापलेली वीट एक-दोन दिवस आडवी पडून राहते, उचलण्याजोगी झाली की कुशीवर उभी केली जाते, मग मधे फटी ठेवून तिची थप्पी लागते. झळा सुरू झाल्या की थप्पीच्या वाऱ्याकडच्या अंगाला गोणपाट नाहीतर पाचट येते. हे ठरवायला कोणी समीकरण सोडवले नव्हते. जन्मभर गारा तुडवलेला माणूस वीट हातात घेतो, कडेवर नख ओढतो आणि ती भट्टीत जायला तयार आहे की नाही ते सांगतो. त्याचाही अंदाज चुकतो, नाही असे नाही. पण चुकला तर का चुकला हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलेले असते.

गणिती : ऊन पैसा घेत नाही हे खरे, पण त्याने केलेले काम एकदा मोजून तर बघा. तीन किलो कोरड्या मातीची वीट घ्या. मातीच्या वजनाच्या पाव हिश्श्याइतके पाणी तिच्यात धरा. हाताने थापलेल्या विटेत याहून जास्तच असते. विटेमागे पाऊण लिटर झाले, दहा हजार विटांमागे साडेसात हजार लिटर. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे हिशेब १८,००० मेगाज्यूलवर जातो. आपल्याकडच्या कोळशात सांगायचे तर सुमारे एक टन, आणि तोही उष्णता जराही वाया गेली नाही तर. बुल पद्धतीच्या खंदकभट्टीत वीट भाजायला किलोमागे साधारण सव्वा मेगाज्यूल लागतात. तीस टन मालाला ३७,५०० झाले. भाजण्याला जेवढी उष्णता लागते तिच्या निम्मी नुसत्या वाळवण्यात जाते.

सूर्य ती देतो, पण त्याच्या सवडीने. मार्चमध्ये अवकाळी आला की पसरलेल्या विटांचा पुन्हा चिखल होतो, आणि बऱ्याच ठिकाणी त्या विटांची थापाई मजुराच्या हिशेबात धरलीच जात नाही. शिवाय सगळा माल उघड्यावर वाळवण्याची सोय नसते. बाझल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला; कोकणात आणि गोव्यात ती कौले किती घरांवर चढली ते वेगळे सांगायला नको. त्या सगळ्या किनाऱ्यावर चार महिने पाऊस असतो. आज कौलांचे किंवा पोकळ विटांचे जे कारखाने बारा महिने चालतात, ते बोगदाभट्टीच्या थंड होणाऱ्या टोकाकडची गरम हवा ओढून ड्रायरमध्ये सोडतात. तिथे पंखे आहेत, झडपा आहेत, आणि झडप कधी किती उघडायची हे कोणाला तरी ठरवावे लागते.

शंकेखोर : ठरवू की! हवा सोडा, तडे गेले तर झडप थोडी मिटा. विटांच्या चार गाड्या वाया जातील, पाचवी नीट निघेल. आणि कच्ची वीट तडकली म्हणून काय बिघडते? ती परत गाऱ्यात टाकायची. भाजल्यावर तडकली असती तर नुकसान. तुमच्या मॉडेलवर दोन वर्षे बसणाऱ्या माणसाच्या पगारात अशा कितीतरी गाड्या येतील.

गणिती : चार गाड्यांत तुम्हाला एका मातीचा, एका जाडीचा, एका ऋतूतला एक आकडा मिळतो. साचा बदलला की पुन्हा चार गाड्या. हा खर्च दिसत नाही, कारण तो थोडाथोडा होतो. त्यातून कच्चा तडा नेहमी दिसतोच असे नाही. केसाएवढा असेल तर भाजल्यावरच उघडा पडतो, तोवर कोळसाही गेलेला असतो.

गरम हवेचेही एक पाहा. तिच्याबद्दलची आपली समजूत बरीचशी उलटी आहे. पावसाळ्यातली रत्नागिरीची हवा घ्या, ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता. तिच्यातला पाण्याचा एक थेंब न काढता ती नुसती ६० अंशांपर्यंत तापवली, तर सापेक्ष आर्द्रता १७ टक्क्यांवर उतरते. अशा हवेच्या झोतात ओली वीट ठेवली तर तिचा पृष्ठभाग किती तापेल? ६० नाही, ३४ अंशांच्या आसपास थांबेल. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते तेच कारण : आलेली सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. जोवर आतले पाणी पृष्ठभागापर्यंत पोचते आहे तोवर असेच चालते. या काळात वीट किती वेगाने वाळेल ते हवा ठरवते. माती कृष्णाकाठच्या पोयट्याची आहे की मुरमाड, याने फारसा फरक पडत नाही. मग आतला पुरवठा कमी पडू लागतो, पृष्ठभाग तापतो, वेग घसरतो, आणि तिथून पुढचा कारभार मातीच्या हाती जातो. अमेरिकेत एमआयटीच्या टॉमस शेरवुड यांनी १९२९ साली ‘घन पदार्थांचे वाळणे’ या विषयावर जी लेखमाला सुरू केली, तिच्यात हे टप्पे स्वच्छ मांडलेले आहेत.

शंकेखोर : टप्पे आमच्या माणसालाही ठाऊक आहेत. वीट काळपट असते तोवर एक, कडा उजळू लागल्या की दुसरा. कोपरे आधी पांढरट होतात, कारण त्यांना तीन बाजूंनी वारा लागतो. रंग बघून चालणारे काम आहे हे.

गणिती : रंग फक्त वरचे सांगतो. तडा जातो तो वरच्या आणि आतल्या पाण्यात फरक पडतो म्हणून. विटेवर ती ओली असताना १०० मिलिमीटर अंतरावर दोन रेघा ओढा. तासातासाने वजन करा आणि व्हर्नियर कॅलिपरने रेघांमधले अंतर मोजा. आलेख काढलात तर सुरुवातीला सरळ उतार दिसेल : जितके पाणी गेले तितके आकारमान घटले, कारण पाणी निघाले की मातीचे कण जवळ सरकतात. एका ठिकाणी हा उतार संपतो. कण एकमेकांना टेकले. आता पाणी गेले तर त्याची जागा हवा घेते आणि वीट आकसायची थांबते. मातीकामाच्या शास्त्रात या आलेखाला बिगो या फ्रेंच तज्ज्ञाचे नाव आहे. तो बाक येईपर्यंत जपून, तो ओलांडल्यावर हवी तेवढी घाई.

आता हा बाक सगळ्या विटेत एकदम येत नाही. वरचा थर आकसायला निघतो, आतला ओला गाभा त्याला आकसू देत नाही, म्हणून वरचा थर ताणला जातो. पुढे उलटे होते : वरचा थर कडक होऊन बसतो, आतला आकसू पाहतो, आणि ताण आत जातो. मातीतली छिद्रे मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढ्या त्रिज्येची धरली, तर त्यांच्या तोंडाशी पाण्याचा जो वक्र पृष्ठभाग तयार होतो त्याची ओढ साधारण चौदा वातावरणांइतकी भरते. एवढी ओढ सगळीकडे सारखी असेल तर वीट सुखाने लहान होते. जागोजागी वेगळी असेल तर फाटते. विदर्भ-मराठवाड्यातली काळी जमीन मे महिन्यात ज्या भेगा दाखवते, त्या याच फरकाच्या. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या एका ग्रॅमला सात-आठशे चौरस मीटर पृष्ठभाग असू शकतो. चिनी मातीच्या केओलिनाइटला तो जेमतेम दहा-वीस असतो. पाणी धरायला जागा जितकी जास्त तितके आकसणेही जास्त, आणि म्हणून काळ्या मातीची वीट करणारा तिच्यात राख, रेती, भाताचे तूस मिसळतो.

शंकेखोर : इथवर मी मुळीच भांडत नाही. हे झाले वर्णन, आणि चांगले आहे. माझी तक्रार पुढची आहे. तुम्ही या सगळ्याचे एक समीकरण करता : आतले पाणी जास्तीकडून कमीकडे झिरपते, फिकच्या नियमाने, जसे १८५५ साली सांगून ठेवले आहे. त्यात एक झिरपण्याचा गुणांक घालता. मग विटेच्या घटत्या वजनाचा तक्ता घेता, गुणांक इकडे-तिकडे सरकवता, आणि तुमची रेघ तक्त्यावर नीट बसली की प्रबंधात लिहिता, ‘मॉडेल आणि प्रयोग यांत उत्तम मेळ आढळला’. कसला मेळ? एक आकडा तुम्ही तक्त्यावरूनच काढला आणि तो तक्त्याशी जुळतो म्हणून टाळ्या घेतल्या.

आणि ही शंका माझी एकट्याची नाही. विस्कॉन्सिनच्या ओलाफ हौगन यांनी १९३७ साली एका सहकाऱ्याबरोबर वाळूचा थर वाळवून थराच्या आतले पाणी जागोजागी मोजले. झिरपण्याच्या समीकरणाने एकूण पाणी किती गेले ते बऱ्यापैकी सांगितले, पण ते आत कुठे राहिले आहे हे चुकीचे सांगितले. वाळूत पाणी केशाकर्षणाने ओढले जाते. त्याला जास्ती-कमीशी तितके देणेघेणे नसते. १९४० साली त्यांनी आणखी दोघांबरोबर जो लेख लिहिला, त्याचे नावच वाळण्याच्या अभ्यासात या समीकरणाच्या मर्यादा काय, अशा अर्थाचे आहे. एवढी वर्षे झाली, आणि अजून वजनाचा तक्ताच पुरावा म्हणून पुढे येतो. तुम्हीच आता म्हणालात की तडा आतल्या फरकातून जातो. मग ज्या मॉडेलला आतला फरकच नीट सांगता येत नाही, ते तड्याबद्दल बोलते कोणत्या तोंडाने?

(लेखकाने मध्ये बोलू नये असा या प्रकाराचा शिरस्ता आहे. पण हा घाव वर्मी बसला आहे, आणि उत्तरात तो चुकवलेला नाही, एवढे नोंदवून ठेवतो.)

गणिती : त्या तोंडाने बोलू नयेच. एकाच गुणांकाचे साधे मॉडेल वजनाशी जुळले म्हणजे विटेच्या आत काय चालले आहे ते कळले, असे जो म्हणतो त्याने पाणी चुकीच्या जागी दाखवलेले असू शकते. वजन ही बेरीज आहे. बेरीज बरोबर आली म्हणून आतल्या रकमा बरोबर ठरत नाहीत.

पण शास्त्र १९४० वर थांबले नाही. मिन्स्कच्या लुइकोव्ह यांनी उष्णता आणि ओलावा एकमेकांत गुंतवून समीकरणे मांडली, कारण तापमानातला फरकही पाणी हलवतो. १९७७ साली स्टीफन व्हिटेकर यांनी छिद्रातले पाणी, वाफ आणि हवा वेगवेगळी धरून सुरुवातीपासून हिशेब केला. १९९० साली जॉर्ज शेरर यांनी वाळताना छिद्रातल्या पाण्यावर येणारी ओढ आणि घन सांगाड्यातला ताण यांचा संबंध दाखवला, आणि आकसण्याच्या आलेखात बाक येतो त्या क्षणी ताण सर्वांत जास्त का असतो ते सांगितले.

आतले पाणी मोजायचीही सोय झाली. नेदरलँड्समधल्या आइंडहोवन विद्यापीठात १९९० च्या दशकात लिओ पेल यांनी चुंबकीय अनुनादाच्या तंत्राने, रुग्णालयातल्या एमआरआयचेच तत्त्व ते, विटेला हात न लावता ती वाळत असताना आतला ओलावा थराथराने मोजला. त्यात दिसले की झिरपण्याचा गुणांक एकच एक आकडा नाहीच. वीट ओली असताना तो मोठा असतो, ओलावा घटेल तसा घसरतो, एका ठिकाणी तळ गाठतो आणि पुन्हा वाढतो, कारण शेवटी पाणी द्रवरूपात हलायचे थांबते आणि वाफ होऊन वाट काढते. तो तळ कुठे आहे हे माहीत नसलेले मॉडेल शेवटच्या तासांत फसणारच.

शंकेखोर : पेल यांनी कोणती वीट मोजली?

गणिती : भाजलेली.

शंकेखोर : म्हणजे न आकसणारी! भाजलेल्या विटेची छिद्रे जागच्या जागी असतात. पाणी येते-जाते, भिंती हलत नाहीत. ओल सुटलेल्या घराच्या भिंतीसाठी ते सोन्यासारखे काम आहे. पण कच्च्या विटेत पाणी गेले की छिद्रच लहान होते, वाट अरुंद होते, वाट अरुंद झाली की पाणी अडते, आणि आपण जिथून मोजत होतो तो पृष्ठभागसुद्धा आत सरकलेला असतो. तुमच्या समीकरणाची जमीनच हलते. आता हे सगळे धरायला तुम्ही आणखी गुणांक घ्याल : आकसण्याचा, लवचिकतेचा, ओलावा बदलेल तसा ताकद बदलण्याचा. प्रत्येकाला किंमत हवी. ती कुठून आणणार? पुन्हा वजनाच्या तक्त्यातून? एका गुणांकाच्या जागी आठ झाले तर रेघ आणखी छान बसेल, आणि आपल्याला आणखी कमी कळलेले असेल.

गणिती : म्हणून गुणांक त्या तक्त्यातून काढायचे नाहीत. आकसणे कॅलिपरने वेगळे मोजायचे. ताकद वेगवेगळ्या ओलाव्याच्या नमुन्यांना वाकवून-मोडून वेगळी मोजायची. आणि आतल्या ओलाव्यासाठी एमआरआय लागत नाही. ड्रायरमधून सहाव्या, बाराव्या, अठराव्या तासाला एकेक वीट बाहेर काढायची, ताणलेल्या तारेने तिचे सेंटिमीटरभर जाडीचे काप करायचे. तार ओल्या गाभ्यातून सरळ जाते आणि कडेला अडकते, तेव्हाच हाताला फरक कळतो. तिथे मग करवतीचे पाते घ्यावे लागते. प्रत्येक काप लगेच झाकणाच्या डबीत घालून तोलायचा, ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशांवर दिवसभर ठेवायचा, पुन्हा तोलायचा. मातीच्या प्रयोगशाळेत ओलावा असाच मोजतात, खर्च डब्यांचा आणि तराजूचा. या कापांचा आलेख मॉडेलने आधी सांगितलेल्या आलेखाशेजारी ठेवायचा. जुळला तर बोलायचे.

शंकेखोर : असे किती जण करतात?

गणिती : हवे तितके नाही करत. विटा फोडणे कंटाळवाणे आहे, वजनकाटा संगणकाला जोडून झोपी जाणे सोपे आहे. पण पद्धत आळशी माणसाच्या हाती गेली म्हणून पद्धत खोटी ठरत नाही.

शिवाय मॉडेल पूर्ण नसले तरी काही गोष्टी ते भक्कमपणे सांगते. पहिली, जाडीची. झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. ओल्या मातीसाठी गुणांक सेकंदाला एक चौरस मिलिमीटरचा शंभरावा भाग धरला, तर ९० मिलिमीटर जाडीच्या भरीव विटेच्या गाभ्यातून पाणी बाहेर यायला पन्नासहून अधिक तास लागतात. पोकळ विटेची १५ मिलिमीटरची भिंत दीड तासात मोकळी होते. तुमचा गुणांक दुपटीने चुकला तरी या दोन आकड्यांमधली दरी बुजत नाही. ड्रायरचा खर्च कमी करायचा असेल तर हवा बदलण्याआधी विटेला भोके पाडा, हे सांगायला मला आठ गुणांक लागत नाहीत.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. उघड्यावर ऊन आणि कोरडेपणा आपल्याला जोडीनेच मिळतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांची हवा कोरडी असणारच. किनाऱ्यावर दमटपणा असेल तर तेवढा ताप नसतो. त्यामुळे गरम म्हणजे लवकर वाळवणारे आणि लवकर तडकवणारे, असे आपण धरून चालतो. बंद ड्रायरमध्ये ही जोडी तोडता येते. आधी वीट गरम पण दमट हवेत ठेवा, म्हणजे ती वाळणार नाही, नुसती आतपर्यंत तापेल. २० अंशांवरच्या पाण्याला जितका चिकटपणा असतो, ६० अंशांवर त्याच्या निम्म्याहून कमी उरतो. गाभ्यातले पाणी दुप्पट सहज वाहू लागते. मग हळूहळू आर्द्रता उतरवा. पृष्ठभागाने मागितलेले पाणी आतून वेळेवर पोचते, वरचा आणि आतला फरक कमी राहतो, आणि वीट कमी वेळात, कमी ताणात वाळते. तडे जाताहेत म्हणून हवा गार करणारा माणूस नेमके उलटे करत असतो. तापमान तेच ठेवून ओलावा वाढवायला हवा होता.

शंकेखोर : गोणपाट टाकणारा दुसरे काय करतो?

गणिती : अर्धे तेच करतो. तो वारा आणि कोरडेपणा अडवतो, पण त्याबरोबर ऊनही अडवतो, कारण उघड्यावर दोन्ही वेगळी करायची सोय त्याच्याकडे नाही. त्याचा अनुभव खोटा नाही. तो ज्या परिस्थितीत तयार झाला तिच्यात ही दोन बटणे एकत्र जोडलेली होती, इतकेच.

शंकेखोर : हा मुद्दा मी मानतो, आणि इतका वेळ तुम्ही आधी हाच का काढला नाही ते मला कळत नाही. समीकरणाचा उपयोग इथे दिसतो : माणसाने कधी न पाहिलेली परिस्थिती ते दाखवते. बरोबर. आता अनुभवाच्या बाजूने तुमच्यासाठी मीच एक कबुली देतो. १९९९ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून औष्णिक वीज केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आत विटेच्या मातीत वजनाने किमान २५ टक्के राख मिसळायचे बंधन घातले, २००३ मध्ये ते अंतर १०० किलोमीटर झाले. कोराडी, चंद्रपूर, परळी, एकलहरे, कुठे कुठे ही केंद्रे आहेत ते पाहा. जिथे ते पाळले गेले तिथे जन्मभराचा हात एका हंगामात जुना झाला. राखेची वीट कमी आकसते, पाणी वेगळे सोडते, नखाला वेगळी लागते. मिश्रण बदलले की आमचा अनुभव उसना ठरतो.

पण तुमचाही ठरतो. नव्या मिश्रणाचे सगळे गुणांक पुन्हा मोजा! फरक एवढाच की आमचा माणूस महिन्याभरात सावरतो आणि तुमचा अहवाल पुढच्या हंगामात येतो.

गणिती : पुन्हा मोजायचे काय आणि किती, याची यादी तरी माझ्याकडे असते.

शंकेखोर : असू द्या. आता शेवटचे, आणि याचे उत्तर तुमच्याकडे आहे असे मला वाटत नाही. समजा तुम्ही सगळे नीट केले. काप करून आतला ओलावा जुळवला, आकसणे जुळवले, ताण काढला, तो मातीच्या ताकदीच्या खाली आहे असे दाखवले. तरी गाडीवरच्या हजार विटांतल्या वीस तडकल्या. तुमच्या मॉडेलप्रमाणे एकतर हजारच्या हजार तडकायला हव्यात किंवा एकही नाही, कारण त्याच्यात सगळ्या विटा सारख्या आहेत. खऱ्या विटेत चुनखडीचा खडा असतो. यंत्रातून दाबून काढलेल्या विटेत मळसूत्राने मागे सोडलेले थर असतात, ते वरून दिसत नाहीत आणि वाळताना नेमके तिथेच फाटते. उचलताना एखादीत बोट रुतते. तडा सरासरीने जात नाही, सर्वांत दुबळ्या जागेने जातो. पोलंडमध्ये पोझ्नान इथे कोवाल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळत्या केओलिनला आवाज टिपणारी साधने लावली आणि डोळ्यांना तडा दिसण्याआधी आत सूक्ष्म तडे उमटतात ते ऐकले. मला ते काम फार आवडते, कारण त्यात वीट स्वतः बोलते. तिथे ताण किती असावा याचा तर्क बाजूला राहतो आणि फाटले की नाही ते कळते.

गणिती : तुम्हाला आवडते ते काम करणाऱ्यांनीच वाळण्याच्या ताणाची समीकरणेही मांडली आहेत. आवाज कधी वाढला हे कळल्यावर तो तेव्हाच का वाढला हे सांगायला त्यांना ती लागली. पण मुद्दा खरा आहे. ठिसूळ वस्तूंच्या ताकदीत एकाच मापाच्या नमुन्यांमध्येही मोठा फरक पडतो, आणि तो संभाव्यतेने मांडावा लागतो, हे वाइबुल यांनी १९३९ साली सांगितले. तेही मॉडेलमध्ये घालता येते. पण त्यासाठी त्याच मातीचे, त्याच यंत्रातून निघालेले पुष्कळ नमुने मोडावे लागतात, आणि यंत्राचे मळसूत्र झिजले की ते आकडे शिळे होतात. कोणती वीट तडकेल हे मी सांगू शकणार नाही. हवेच्या कोणत्या तापमानाला आणि आर्द्रतेला कोणतीच वीट वाचणार नाही, हे सांगू शकेन. आणि त्या सीमेच्या अलीकडे किती अंतर ठेवले तर वीसच्या पाच होतील, याचा अंदाज देऊ शकेन. अंदाजच.

शंकेखोर : सीमा सांगणारे मॉडेल मला चालेल. भाकीत सांगणारे नको. अडचण अशी की विकताना तुम्ही लोक सीमा म्हणून विकत नाही. कारखानदारासमोर पडद्यावर रंगीत वीट फिरते, लाल भागात ताण, निळ्या भागात आराम, आणि त्याला वाटते हे त्याच्याच विटेचे चित्र आहे.

गणिती : आणि ज्याला अनुभव आहे तो ‘आमच्या मातीला हे लागू नाही’ म्हणून मोजायलाच नकार देतो, तेव्हा तोही काहीतरी विकतच असतो. पण ठीक आहे. कारखान्यात हे वापरायचे तर तुमच्या अटी काय?

शंकेखोर : दोन. नुसता वजनाचा तक्ता दाखवून मंजुरी मागायची नाही. आमच्याच मातीच्या विटा कापून आतला ओलावा दाखवायचा, आणि तुमचा आलेख प्रयोगाच्या आधी लिहून द्यायचा, नंतर नाही. दुसरी अट पैशांची. तुमच्या सांगण्यावरून झडप उघडली आणि विटा तडकल्या, तर ते नुकसान कोणाच्या खात्यावर जाईल ते काम सुरू होण्याआधी कागदावर यायला हवे. माझ्या टाका, तुमच्या टाका, मालकाच्या टाका. थापणाऱ्याच्या टाकायचे नाही.